चिखल, कालवं आणि पीपीएम

ठाण्याची खाडी नकाशावर बघताना आधी तिचा आकार बघावा. लांबी सुमारे २६ किलोमीटर. दक्षिणेला मुंबई बंदराकडे तोंड ऐसपैस, आणि ठाण्याकडे वर जावं तसतशी ती चिंचोळी होत जाते. उल्हास नदीशी तिचं नातं एका अरुंद वाटेपुरतं. डोक्यावर मोठी नदी नाही, त्यामुळे पावसाळा सोडला तर वरून धुऊन काढणारं पाणी फारसं येत नाही. भरती येते, ओहोटी लागते, पण वरच्या टोकाचं पाणी बरंचसं तिथल्या तिथेच मागेपुढे होत राहतं. पूर्व काठावर साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रसायनांचे, औषधांचे, रंगांचे कारखाने. पश्चिमेला चेंबूर-ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरणाचे आणि खतांचे. सांडपाणी खाडीत सोडलं की समुद्र ते घेऊन जाईल, असा हिशेब तेव्हा धरला गेला असावा. कारखाने वसवताना खाडीचा आकार कुणी विचारात घेतल्याची खूण दिसत नाही.

*

बाजारातला हा संवाद आता नेहमीचा झाला आहे.

"मावशी, हे खाडीचं की दर्याचं?"

"दर्याचं गो बाय, खाडीचं कोण ठेवतंय आता?"

याच गिऱ्हाइकाची आजी खाडीचा जिताडा मुद्दाम मागून घेत असेल. खाडीची कोळंबी गोड, खाडीची बोय चवदार, ही जुनी ख्याती. ती गेली वासामुळे. "म्हावऱ्याला घासलेटचा वास येतो" ही खाडीकाठची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण वास येतो तो तेलाचा, फिनॉलसारख्या रसायनांचा. पारा, शिसं, कॅडमियम यांना माशाच्या मांसात वास नसतो, चव नसते, रंग नसतो. नाक ज्याला नाकारतं तो मासा धातूंच्या हिशेबात बरा असू शकतो, आणि मिटक्या मारत खाल्लेला वाईट.

कोकम लावून, तळून, उकडूनही धातू जात नाही. मूलद्रव्य आहे, त्याचं विघटन व्हायचा प्रश्नच नाही. फार तर थोडा मांसातून रश्श्यात उतरेल, आणि रस्सा आपणच पिणार.

*

मेलेल्या माशांचा खच पडला की बातमी येते. असे मासे बहुतेक वेळा गुदमरून मेलेले असतात: सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. कधी आम्ल, कधी एखादं तीव्र विष. धातूंचं काम एवढं गाजावाजा करून चालत नाही. धातू अंगात असलेला मासा पोहतो, वाढतो, जाळ्यात येतो, विकला जातो.

*

पारा खाडीत आला कुठून? एक मोठा रस्ता कॉस्टिक सोड्याचा. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन सुटतो आणि सोडियम वेगळं होतं. जुन्या पद्धतीत ते सोडियम पकडायला पाऱ्याचा वाहता थर असे. सोडियम पाऱ्यात मिसळून जाई, पुढच्या टाकीत त्याची पाण्याशी गाठ पडली की कॉस्टिक सोडा तयार होई, आणि मोकळा झालेला पारा पुन्हा पहिल्या टाकीत. कागदावर पारा खर्चच होत नाही. प्रत्यक्षात थोडा वाफेतून, थोडा मिठाच्या गाळातून, थोडा सांडपाण्यातून निसटायचा. हा 'थोडा' वर्षानुवर्षं रोज निसटत राहिला.

हा सोडा कुणाला लागतो? साबणाला, कागदाला, रेयॉनला. उल्हास आणि काळू नद्यांच्या काठी, कल्याणच्या आसपास, रेयॉनचे कारखाने होते. रेयॉनचा धागा ज्या आम्लाच्या कुंडात घट्ट होतो त्यात झिंक सल्फेट घालतात, म्हणजे पाऱ्यासोबत जस्ताचाही रस्ता उघडतो. काळूच्या पाण्यातल्या पाऱ्याबद्दल सत्तरच्या दशकात मुंबईच्या शास्त्रज्ञांनी लिहायला सुरुवात केली. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांचा ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा निबंध १९८१ चा. याच संस्थेच्या लोकांनी उल्हासच्या मुखातल्या गाळाचे उभे नमुने काढून पारा मोजला, तो निबंध २००३ मध्ये आला. खोलवरच्या थरांपेक्षा अलीकडच्या थरांत पारा कमी होत गेल्याचं त्यात दिसलं. कारखान्यांनी पाऱ्याची पद्धत सोडून पडद्याची पद्धत घ्यावी असा आग्रह त्याच सुमारास सरकारी सनदेत आला, मुदत २०१२ ची. ही चांगली बातमी आहे आणि ती चांगली म्हणूनच सांगायला हवी. पर्यावरणाच्या लेखनात उताराचा आलेख फारसा कुणी छापत नाही.

वाईट भाग असा, की खालचे थर अजून तिथेच आहेत.

*

खाडीचा चिखल काळा का? आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास का? वरचा पातळ थर सोडला तर आत ऑक्सिजन नाही. तिथे गंधकावर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हाच सल्फाइड धातूंना धरून ठेवतो: शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त यांची न विरघळणारी संयुगं होतात आणि ती चिखलात पडून राहतात. म्हणजे ज्या दुर्गंधीला आपण नाक मुरडतो ती एका अर्थी पहारेकरी आहे. चिखल ढवळला, गाळ उपसला, तो हवेला आणि ऑक्सिजन असलेल्या पाण्याला लागला, की पहारा उठतो. कुठल्याही बंदराच्या खोलीकरणाच्या अहवालात 'किती घनमीटर गाळ' याच्यासोबत 'कुठल्या सालाचा गाळ' हाही रकाना असावा असं मला वाटतं.

पाऱ्याचं प्रकरण याहून वेगळं. याच बिनहवेच्या चिखलातले काही जीवाणू पाऱ्याला मिथिल गट जोडतात. हे काम करणारी जनुकांची जोडी २०१३ मध्ये सापडली. मिथिल-पारा झाला की तो आतड्यातून सहज शोषला जातो, मांसात बसतो, नाळ ओलांडतो, मेंदूत शिरतो. कारखान्यातून बाहेर पडलेला पारा आणि ताटातला पारा यांच्यामध्ये हा चिखलातला कारागीर बसलेला आहे, आणि खारफुटीचा मऊ, कुजक्या पानांचा चिखल त्याला मानवतो.

*

निवट्या. ओहोटीला चिखलावर सरपटणारा, उड्या मारणारा, डोळे वर काढून बघणारा. चिखलात बीळ, चिखलावरचं शेवाळ हे काही जातींचं अन्न, ओल्या कातडीतून श्वास. एवढ्या सगळ्या बाजूंनी चिखलाशी बांधलेला दुसरा मासा नाही. खाडी तपासायला शास्त्रज्ञांना तो आवडतो, कारण तो लांब जात नाही. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत तो कालवणासाठी आवडतो. दोन्ही आवडी एकाच जागी येतात ही अडचण.

*

सगळे प्राणी एकसारखे साठवत नाहीत. हे न कळल्यामुळे किती अहवाल वाया जातात!

कालवं जस्त आणि तांबं बेसुमार साठवतात. नदीमुखातलं निरोगी कालवही या दोन धातूंनी भरलेलं असतं. शिनाणे मात्र जस्तावर बऱ्यापैकी ताबा ठेवतात. त्यामुळे कालवाचा आणि शिनाण्याचा आकडा शेजारी ठेवून 'ही जागा जास्त खराब' म्हणणं चुकीचं. खेकडा, कोळंबी, माकुल यांच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्यच तांब्याचं, म्हणून त्यांच्यात तांबं सापडलं हे मुळात आश्चर्य नाही. किती सापडलं हे विचारायचं.

हे प्राणी मरत का नाहीत? त्यांच्या पेशींत मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिनं असतात, गंधकाच्या अणूंनी भरलेली. ती धातूला पकडून निरुपद्रवी करतात. आपल्याही यकृतात आणि मूत्रपिंडात ती आहेत, पहिल्यांदा सापडली ती १९५७ मध्ये, घोड्याच्या मूत्रपिंडात. शिंपल्याचा बचाव होतो तो असा साठवून. शिंपला खाणाऱ्याला तो साठा आयता मिळतो.

या सवयीचा शास्त्रज्ञांनी उपयोग करून घेतला. पाण्याचा नमुना त्या क्षणाचं सांगतो, कारखान्याने पहाटे तीनला सोडलेलं पाणी दुपारच्या बाटलीत सापडत नाही. शिंपला महिन्यांचं सांगतो, आणि जागचा हलत नाही. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये शिंपल्यांवरून जगभरच्या किनाऱ्यांची पाहणी करावी अशी सूचना केली, अमेरिकेत १९८६ पासून ती सरकारी पातळीवर सुरू झाली.

*

तैवान, जानेवारी १९८६. नैऋत्य किनाऱ्यावर एर्जेन नदीच्या मुखाजवळची कालवं हिरवी झाली. खरोखर हिरवी. नदीकाठी भंगार धातू आम्लात धुऊन तांबं काढायचा धंदा चालायचा, ते धुवण नदीत. पुढच्या काही वर्षांत तिथल्या कालवांत कोरड्या वजनाच्या किलोमागे चार ग्रॅमच्या वर तांबं मोजलं गेलं. लोकांनी कालवं खाणं सोडलं, पिकवणारे बुडाले. तांब्याने रंग दाखवला म्हणून हे उघड झालं. कॅडमियम रंग दाखवत नाही.

*

कोरडं वजन आणि ओलं वजन. वर्तमानपत्रातल्या निम्म्या घबराटी इथे जन्म घेतात. माशाच्या मांसात साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी. प्रयोगशाळेत नमुना वाळवून मोजतात, आकडा कोरड्या वजनावर येतो. खाद्यसुरक्षेच्या मर्यादा ओल्या, म्हणजे ताज्या वजनावर असतात. कोरडा आकडा ओल्या मर्यादेशेजारी ठेवला की चार-पाच पटींचा फरक फुकट मिळतो आणि मथळा तयार होतो. उलटही घडतं: कुणी कोरड्याचा ओला करताना मनाला येईल तो भागाकार घेतो आणि सगळं 'मर्यादेत' बसवतो.

सुकट, सोडे, सुका बोंबील: यांच्यात पाणी उडालेलं, धातू तेवढाच. किलोमागचा आकडा मोठा दिसेल. पण सुकट कुणी किलोने खात नाही.

*

आर्सेनिक सापडलं म्हणून घाबरू नये. समुद्री माशांतलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबेटेन या सेंद्रिय रूपात असतं, ते शरीरातून तसंच बाहेर पडतं. एकूण आर्सेनिकचा आकडा सांगून विषबाधेची बातमी करणाऱ्याला कुठलं रूप मोजलं हे विचारावं.

*

चिंबोऱ्या घ्यायच्या त्या अमावास्येच्या, पौर्णिमेच्या पोकळ, हे कोळीवाड्यात पाठ असतं. भरलेल्या चिंबोरीची गंमत कवटीत: पिवळी-नारिंगी लाख आणि तिच्याभोवतीचा तपकिरी मऊ गर. लाख म्हणजे अंडाशय. तपकिरी गर म्हणजे खेकड्याचं यकृत आणि स्वादुपिंड एकत्र, आणि कॅडमियम मुख्यतः तिथे साठतं.

युरोपीय संघाने कवचधारी प्राण्यांसाठी कॅडमियमची मर्यादा ठरवली, किलोमागे ०.५ मिलिग्रॅम. खेकड्याच्या बाबतीत ती फक्त पायांतल्या पांढऱ्या मांसाला लागू. तपकिरी गर मर्यादेच्या बाहेर, त्याबद्दल ग्राहकांना वेगळी सूचना. म्हणजे युरोपात ज्या भागाला नियमच नाही, तो भाग आमच्याकडे बोटाने पुसून खातात. मीही खातो. खाडीच्या कुठल्या टोकाची चिंबोरी आहे हे मात्र आता विचारतो.

*

मिनामाता. नाव सगळ्यांना माहीत, तपशील थोड्यांना. क्युशू बेटावरच्या या गावात चिसो कंपनीचा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनवत होता, उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचं संयुग. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाने मज्जासंस्थेच्या अनोळखी आजाराची नोंद सरकारकडे दिली. रुग्ण मासेमारांच्या घरातले. त्यांच्या मांजरी आधीच झोकांड्या खात मेल्या होत्या.

मला खिळवून ठेवतात ते पुढचे काही प्रसंग. १९५८ मध्ये कारखान्याने सांडपाण्याचा मार्ग बदलून ते खाडीऐवजी नदीच्या मुखात सोडलं, आणि आजार नव्या गावांत पसरला. १९५९ च्या जुलैमध्ये कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी एका मांजराला, क्रमांक ४००, अन्नातून कारखान्याचं सांडपाणी दिलं. मांजराला तोच आजार झाला. कंपनीने तो निष्कर्ष दाबला. आणि डिसेंबरमध्ये शुद्धीकरण यंत्रणेचं थाटात उद्घाटन झालं, कंपनीच्या प्रमुखांनी त्यातून आलेलं पाणी सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं. ॲसिटाल्डिहाइडचं सांडपाणी त्या यंत्रणेतून जातच नव्हतं.

पारा सोडणं थांबलं १९६८ मध्ये. सरकारने कारण मान्य केलं तेही त्याच वर्षी, सप्टेंबरात. मधल्या काळात हा आजार घेऊनच जन्मलेल्या मुलांपैकी काहींच्या आयांना फारसा त्रास नव्हता. नाळेने पारा गर्भाकडे ओढून नेला होता.

सांडपाण्याच्या नळाचं तोंड समुद्रात आणखी आत नेऊ, हा उपाय आपल्याकडेही सुचवला जातो तेव्हा मला १९५८ आठवतं.

*

आता एक हिशेब. माशातल्या पाऱ्यासाठी किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ पीपीएम, ही मर्यादा सर्रास वापरतात. मोठ्या शिकारी माशांसाठी बऱ्याच ठिकाणी १. दुसरीकडे, अन्न आणि आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथिल-पाऱ्याची सोसण्याजोगी मात्रा ठरवली: शरीराच्या किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या बाईला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. माशात नेमका ०.५ पीपीएम पारा असेल आणि तो जवळजवळ सगळा मिथिल-पारा धरला, तर ही मात्रा १९२ ग्रॅम माशात भरते. १५ किलोच्या मुलाची ४८ ग्रॅममध्ये.

१९२ ग्रॅम म्हणजे शहरातल्या ज्या घरात बुधवारी आणि रविवारी मासे होतात त्यांची एखाद-दोन जेवणं. कोळीवाड्यात तो एका दिवसाचा घास. मर्यादा 'सरासरी' खाणाऱ्याला धरून आखलेली असते आणि कागदावरचा सरासरी भारतीय मासे फार कमी खातो. त्याच्यात शाकाहारी कोट्यवधी मिसळलेले आहेत. ओहोटीला चिखलात बसून कालवं फोडणारी, विकून उरलेलं घरी नेणारी बाई या सरासरीत कुठेच सापडत नाही. कारखान्यांजवळच्या खाड्यांत धातू 'मर्यादेत' आहेत असं वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, कुणाच्या मर्यादेत?

बाजारातले तारली, बांगडा, मांदेली यांसारखे लहान, थोडं जगणारे मासे सहसा या आकड्याच्या खूप खाली असतात. तेव्हा मासे सोडा असं मी म्हणत नाही. मासे सोडून पोट कशाने भरायचं हे कोळणीला कुणी सांगू नये.

*

याच हिशेबाची दुसरी बाजू, जी खाडीकाठच्या चळवळीतल्या मित्रांना आवडत नाही. मिथिल-पारा अन्नसाखळीत वर चढत जातो. म्हणून खोल समुद्रातली मोठी, म्हातारी मुशी किंवा कुपा, कारखाना कधी न पाहिलेला, खाडीतल्या बोईपेक्षा जास्त पारा बाळगून असू शकतो. शिसं आणि कॅडमियम असे पायरीपायरीने वाढत नाहीत, ते तळाच्या शिंपल्यांत, खेकड्यांच्या गरात, हाडांत जास्त. म्हणजे 'खाडीचं वाईट, दर्याचं चांगलं' हे कॅडमियमला बऱ्यापैकी लागू पडेल, पाऱ्याला पडेलच असं नाही.

कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी, म्हणजे मुशीच, खायला देतात. पिल्लू मोरी असेल तर तिचं वय थोडं, पारा थोडा. शहाणपण कदाचित त्या 'पिल्लू' शब्दात आहे, हौसेने मोठी मोरी आणणाऱ्याने ते घालवू नये.

*

बोटींच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात कथिलाचं एक सेंद्रिय संयुग घालत. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात सत्तरच्या दशकाच्या अखेरीला त्यापायी कालवांचं बीज धरेना, शिंपा जाड आणि वेड्यावाकड्या होऊ लागल्या. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींना हा रंग लावायला बंदी आणली. जगाने २००८ मध्ये. मधली २६ वर्षं.

*

ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये रोहितपक्ष्यांचं अभयारण्य म्हणून मान मिळाला, २०२२ मध्ये रामसर स्थळाचा. गुलाबी थवे पाहून लोक म्हणतात, बघा, खाडी सुधारली. लहान रोहित नीलहरित शेवाळावर जगतो, आणि त्या शेवाळाला शहराच्या मैलापाण्यातलं खत मानवतं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पक्षी आले याचा आनंद आहेच. पण त्यांना प्रयोगशाळेचा दाखला समजणं भाबडेपणाचं.

*

माशातला पारा बरोबर मोजला हे कसं कळायचं? ज्याचा आकडा आधीच पक्का ठाऊक आहे असा नमुना सोबत मोजायचा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अनेक वर्षं मुशीच्या जातकुळीतल्या एका माशाच्या मांसाची पूड या कामासाठी पुरवली. ठाण्याच्या निवट्याचा आकडा खरा की खोटा याची साक्ष कॅनडाहून आलेली मुशी देणार. ज्या अहवालात अशा साक्षीदाराचा उल्लेखच नाही, त्याचे दशांश चिन्हानंतरचे आकडे मी वाचत नाही.

*

तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. दाभोळ खाडीकाठचे मासेमार लोटे-परशुरामच्या कारखान्यांच्या पाण्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडत आहेत. अशा लढ्यांत पंचनामा होतो तो मेलेल्या माशांचा, भरपाई मागावी लागते ती न मिळालेल्या मासळीची. जी मिळाली, घरी नेली, रांधून मुलांना वाढली, तिच्यासाठी अर्जात रकाना नाही.

तो रकाना भरता येईल. मिथिल-पारा केसात उतरतो आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. इराकमध्ये १९७१-७२ साली पारा लावलेलं बियाणं खाऊन विषबाधा झाली तेव्हा आयांच्या केसांचे तुकडे करून गरोदरपणाच्या कुठल्या महिन्यात किती पारा अंगात होता हे काढलं गेलं होतं. खाडीकाठच्या बाईचा दोन फूट केस म्हणजे पाच वर्षांची नोंद. कुठल्या महिन्यात निवट्या, कधी कालवं, कधी घरात फक्त सुकट, हे तिला तोंडपाठ असतं, ते केसाच्या लांबीवर मांडून बघता येईल. शिसं आणि कॅडमियम यांना केस चालत नाही, रक्त आणि लघवी लागते, खर्च वाढतो. नमुने घ्यायला बायका असाव्यात. आणि आकडा निबंधात जायच्या आधी त्या बाईला, तिच्या घरी जाऊन, तिला समजेल असा सांगावा.